लुटीआधीची लूट

सदाशिवरावांना बसल्या जागी झोप लागते, हे ज्याला माहीत नाही तो बाभुळगावात नवा असला पाहिजे. भजनात मृदंग घुमत असताना ते घोरले आहेत, न्हाव्याच्या खुर्चीत गालाला साबण असताना घोरले आहेत. म्हणूनच सुनेनं, प्रेरणानं, सात महिन्यांचा नातू त्यांच्या मांडीवर कधी दिला नाही. "मामाजी, तुम्ही दुरूनच खेळवा त्याले," एवढंच म्हणायची. आणि म्हाताऱ्याचा जीव तर अडकला होता नातवाच्या लुटीत. लूट म्हणजे संक्रांतीनंतरचं बोरन्हाण. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ मांडीवर घ्यायचं, वरून बोरं-मुरमुरे ओतायचे, पोरांनी ते लुटायचे. मांडीचा मान मात्र आधीच प्रेरणाच्या आईला, इंदुताईंना, जाहीर झाला होता.

यंदा लूट शेतात करायची टूम मुलाची, अमरची. सकाळच्या धुक्याची धुई उठली, तुरीवर ऊन उतरलं, गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायला लागले. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद असा थाट करून बाळ बाजेवर पडलं होतं, एखाद्या छोट्या संस्थानाच्या राजासारखं. बोरं पाडायला सगळे शेताच्या पलीकडच्या बांधाला, धुऱ्याला, निघाले.

"मी बसतो न इथं," सदाशिवराव म्हणाले.

प्रेरणा अडखळली. "झोपसान."

"अवं, दिवसा कोण झोपते?"

"तुम्ही," अमर म्हणाला.

तरी ती गेली, दहा वेळा मागं वळून पाहत.

म्हातारा बाजेवर बाळाशेजारी ताठ बसला. पण हिवाळ्याचं ऊन पाठीवरून हात फिरवू लागलं की शहाण्याचीही मान लवते. तुरीतला वारा दूर दूर गेला, बाज पाळण्यासारखी झुलल्यागत झाली, आणि अर्ध्या मिटल्या पापण्यांतून त्यांना दिसली रामीबाई. शेजारच्या शेताची मालकीण. तीच राखाडी शाल, तसंच मुकाट्यानं बसणं.

"ये, बस," ते पुटपुटले. "नातू पाह्यला का? पाह्य. पण नजर नको लावू."

रामीबाई बाजेच्या कडेला टेकली.

"मले मांडीवर नाही देत वं कोणी त्याले. मी काय पाडतो का?"

रामीबाई नुसती कुटूकुटू काही खात राहिली. तिळगूळ असेल. सदाशिवरावांना बरं वाटलं. आपलं गाऱ्हाणं इतकं निवांत ऐकणारं घरात कोण होतं? बाळ खिदळलं, तसे त्यांनी डोळे नीट उघडले.

रामीबाईला लांब शेपटी होती.

काळ्या तोंडाची वांदरीण मुकुट संपवून हाराला लागली होती. बाळाची मूठ तिच्या छातीच्या केसांत. ओरडावं तर ती बिथरेल, उठावं तर बाळाला ओढेल. मग जे चाललं होतं तेच त्यांनी चालू ठेवलं, त्याच झोपाळू आवाजात. "खा वं माय. हार खा. बाजूबंदही गोड हाये. लेकराले मात्र काही करू नको..." ओठ हसरे, नजर मात्र तिच्या हातांवर.

तेवढ्यात प्रेरणा परतली. पदरातली बोरं सांडली, तोंड उघडलं, पण किंकाळी निघायच्या आत त्याच सुरात ऐकू आलं, "पोरी, उगी राह्य. हलू नको. खाऊन जाईन ते."

या सुनेनं सासऱ्याचं ऐकलं असा तो पहिला दिवस. वांदरिणीनं शेवटचा दाणा कुरतडला, बाळाचं मनगट चाटलं, मुठीतून केस सोडवून घेतले, आणि तुरीत धुक्यासारखी विरली.

प्रेरणानं बाळ छातीशी ओढलं, उलटंपालटं करून पाहिलं. ओरखडाही नव्हता. मग विचारलं, "झोपले होते न?"

नाही म्हणता आलं असतं. पाहणारं कोण होतं? पण मांडीसाठी खोटं बोललो, तर त्याच मांडीवर बाळाला घ्यायचं कोणत्या तोंडानं?

"हो," सदाशिवराव म्हणाले. "मले रामीबाई वाटली."

प्रेरणाला रडता रडता हसू फुटलं, आणि हसता हसता राग आला.

लूट झाली, दागिन्यांच्या नुसत्या दोऱ्यांवर. मांडी इंदुताईंचीच. पण बाळानं भोकाड पसरलं ते थांबेचना. शेवटी प्रेरणा म्हणाली, "मामाजी, समोर बसा. डोळे उघडे ठेवा. अन् मघासारखं बोला."

ते बोलू लागले. बाळ शांत झालं, मग झोपलं. थोड्या वेळानं त्याच्याखालच्या इंदुताईही झोपल्या. सदाशिवरावांनी बोलणं न थांबवता हळूच बाळाच्या डोक्याखाली हात सरकवला. प्रेरणानं पाहिलं, आणि बोरं वेचत राहिली.