भिकुबाईंच्या नवऱ्याचं नाव

बोरदेवळे नावाचा एक विधानसभा मतदारसंघ होता. आता शोधायला जाऊ नका, सापडायचा नाही. बहात्तरच्या निवडणुकीनंतर सीमा बदलल्या आणि त्याची गावं दोन शेजाऱ्यांत वाटली गेली. कोण निवडून आलं, कोण पडलं, ते कुठंतरी कागदोपत्री असेल. मला आठवतात त्या भिकुबाई.

दोंडाईच्याच्या बाजाराला डोक्यावरून मिरच्या नेणारी साधी शेतकरीण. मी गावचा मास्तर, त्यामुळे मतदारयादीचं काम माझ्याच गळ्यात. सदुसष्टच्या निवडणुकीआधी त्यांच्या ओट्यावर जाऊन विचारलं, "नवऱ्याचं नाव?" त्यांनी पदर ओढला नि गप्प. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, ही तिथली पक्की समजूत. पुरुष सगळे शेतात. मी मूर्खासारखा रकाना रिकामा ठेवला, आणि वरच्या साहेबानं असली सगळी नावं उडवली. मतदानाच्या दिवशी भिकुबाईंना रांगेतून परत पाठवलं. जाताना मला म्हणाल्या, "मास्तर, मी जित्ती शे ना?" जिवंत बाईचा तो सवाल मला चार वर्षं सलत राहिला.

एकाहत्तरात पुन्हा यादी निघाली. गावात पाऊल टाकतो तो पारावर एकेचाळीस बायका बसलेल्या! भिकुबाईंनी शेजारणीला पुढे केलं. "लिखा मास्तर. हिना मालकनं नाव सुकदेव." मग शेजारीण भिकुबाईंकडे बोट दाखवून म्हणाली, "आन् हिना मालकनं नाव लोटन." अशी प्रत्येकीनं दुसरीच्या नवऱ्याची नोंद करून दिली. इतकी सरळ युक्ती माझ्या शिकलेल्या डोक्यात आली नव्हती, याची अजून लाज वाटते.

बहात्तरचं मतदान माझ्याच शाळेत, अधिकारी मात्र बाहेरगावचा. यादीत भिकुबाई दोन निघाल्या.

"नवऱ्याचं नाव सांगा, नाहीतर बाजूला व्हा," तो खेकसला.

मी शाईची बाटली घेऊन शेजारीच बसलो होतो. पुन्हा परत जाणार ही बाई! पण त्या हलल्या नाहीत. मान वळवून त्यांनी मागच्या रांगेकडे फक्त बघितलं, आणि चाळीस बायका एका दमात ओरडल्या, "लोटन!"

पुरुषांच्या रांगेतून लोटनआबा दचकून, हजेरी द्यावी तसे पुढे धावले. "मी आठे शे! काय व्हयनं?"

अख्खी शाळा हसली, अधिकारीसुद्धा. भिकुबाईंनी बोट पुढे केलं. मी शाई लावली. त्या आत गेल्या, शिक्का मारला, आणि ताठ मानेनं बाहेर आल्या.

बोरदेवळे पुढे पुसलं गेलं. लोटनआबा मात्र आणखी वीस वर्षं ठणठणीत जगले. भिकुबाईंना त्याचं गुपित विचारलं की पदराआड हसायच्या आणि नाव घेण्याचा हिशेब उलटा मांडायच्या. "चाळीस जनीसनी नाव लिधं ना मास्तर, म्हनीसन आयुष्य वाढनं!"