त्यांच्या आवाजातलं माझं गाणं

मैत्रिणींनो, माझे मालक एकाहत्तरच्या लढाईत शहीद झाले. आज अक्कलकोटजवळच्या आमच्या गावात त्यांच्या स्मारकाला हार घातला. त्यांच्यासोबत लढलेले एक म्हातारे फौजी बार्शीहून आले होते.

"वैनी, तो लई ग्वाड गायचा की! आमी त्याला झोपूच द्यायचो न्हाय."

माझा जळफळाट झाला. लग्नानंतर जेमतेम महिनाभर आम्ही सोबत होतो. माझ्यासमोर ते कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत.

"काय गायचे?" मी विचारलं.

त्यांनी कापऱ्या आवाजात चाल धरली. माझ्या माहेरच्या गाण्याचे कानडी शब्द चुकत होते, पण मी ओळखलं. जात्यावर बसून मीच ते म्हणायची!

म्हणजे मालक ऐकत होते. मला रडू आलं, तरी हेवा गेला नाही. माझं गाणं त्यांच्या तोंडून या माणसाने ऐकलं, मी नाही.

तुमच्यापैकी कुणाला वाटलाय का असा हेवा?