परळच्या व्यायामवाल्या बाई

प्रिय ईरा आणि निहार,

काल माझ्या गुडघ्यांसाठी आलेल्या मुलीने व्यायामांचा छापील कागद हातात ठेवला आणि ती गेली. तेव्हापासून परळच्या व्यायामवाल्या बाई आठवून जिवाला चैन नाही, म्हणून हे लिहिते आहे. फोनवर सांगायला घेतलं की तुमची शाळेची बस येते.

"घरी काय काय आहे?" हा बाईंचा पहिला प्रश्न, समोर कुणीही असो. सेरेब्रल पाल्सी असलेली, म्हणजे मेंदूला अगदी लहानपणी इजा झाल्याने हातपाय ऐकत नाहीत अशी मुलं त्यांच्याकडे येत. आईबाप फायली पुढे करत आणि बाई विचारत, पाट आहे का, पिंप आहे का, मूल दिवसभर कुणाजवळ असतं.

परळच्या त्या छोट्या केंद्रात मी निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा कागदपत्रं बघायला जायचे. बाईंना खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहासुद्धा फिरत प्यायच्या आणि अर्धा कप कुठल्यातरी खिडकीत विसरायच्या. मी तो उचलला की म्हणायच्या, "तुम्ही फार नीटनेटक्या हो. मुलं तशी नसतात."

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून एक आजी पाच वर्षांच्या नातीला, दुर्वाला, घेऊन यायच्या. पोरीचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. बसवलं की ती कलंडे. घराजवळच्या शाळेने सांगितलं होतं, बाकावर आपली आपण बसली तर जूनमध्ये घेऊ.

"चालंल का गो बाय ही?" आजींनी विचारलं.

"ते आज नाही सांगू शकत. आधी बसवू."

मी लगेच सुबक तक्ता केला. बाईंनी सांगितलेले रोजचे सहा व्यायाम, प्रत्येकापुढे चौकट. महिन्याने तो परत आला तेव्हा एकही चौकट रिकामी नव्हती आणि पाय मात्र पहिल्यापेक्षा ताठ. मी जरा कडकच विचारलं. आजी पदराचं टोक पिळत राहिल्या.

"काय करू बाय, कागद येवढा चांगला केलेला. मोकला परत द्याला मना लाज वाटली."

बाई हसल्या नाहीत. "चूक आपली आहे," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन आजींच्या घरी गेल्या.

आजी दारात पाय पसरून जवळा, ती अगदी बारीक कोळंबी, निवडत होत्या. दुर्वा आत गादीवर पडलेली. बाईंनी तिला उचललं आणि आजींच्या मांडीवर घोड्यावर बसवावं तसं बसवलं. दोन्हीकडे पाय, पावलं जमिनीला टेकलेली. "आता हिलाही निवडू दे."

दुर्वा डावीकडे झुकली. माझे हात आपसूक पुढे गेले.

"थांबा हो. सावरू द्या तिला."

बाईंचे स्वतःचे हात तिच्या कमरेपासून बोटभर दूर होते. मला बघवेना. पोरगी डगमगली, तिने आजीचा गुडघा घट्ट धरला आणि हळूहळू सरळ झाली. मग चिमूटभर जवळा टोपलीत टाकला. निम्मा बाहेर सांडला.

"ह्यो कसला व्यायाम?" आजी म्हणाल्या. "ह्ये त आमी रोजच करताव."

"म्हणून तर."

त्या जूनपर्यंत जमलं नाही. पुढच्या जूनला जमलं. मधल्या थंडीत बाई आजारी पडल्या आणि महिन्याभरात गेल्या. त्यांच्या जागी दोघीजणी आल्या. चांगल्या आहेत, खुर्चीत बसून बोलतात.

दुर्वा आता तिसरीत आहे. उभं राहायला वॉकर लागतो, पाय अजून दुखतात. बाकावर ती आपली आपण बसते.