चुंबक न चिकटणारा ब्लेंडर

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रक्कम अकराशे पन्नास रुपये. हजर मी आणि दुकानदार. बायको हजर नव्हती. ती असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी तिला न सांगताच गेलो होतो, आणि त्याला कारण माझे साडू.

साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात धुळ्याला, नोकरी नरडाण्याच्या एका कारखान्यात. कारखाना म्हटला की आमच्या सासरच्या मंडळींना वाटतं, हा माणूस दिवसभर यंत्रं उघडून बसतो. खरं तर ते माल रवाना करण्याच्या खात्यात आहेत. यंत्र खोक्यात बंद झाल्यावर त्यांचा त्याच्याशी संबंध सुरू होतो. हे मी बायकोला लग्नापासून सांगत आलो आहे.

आमच्या घरात वस्तू निवडण्याचं काम माझं. कूलर, पाण्याची मोटर, इन्व्हर्टरची बॅटरी, सगळं मी आणलं. तीन दुकानं फिरायची, तीन भाव काढायचे, वॉरंटीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मगच पैसे काढायचे. बायको फक्त म्हणायची, "तुम्ही बघा." आयुष्यात मला कुणी शाल-श्रीफळ दिलेलं नाही. हे दोन शब्द तेवढे मिळायचे.

दोन वर्षांपूर्वी ती घरी साबण करायला लागली. थंडीत तिचे हात फुटतात, विकतचा साबण सोसत नाही. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवायचा, निवला की खोबरेल, शेंगदाण्याचं तेल आणि थोडं एरंडेल यांच्यात ओतायचा आणि घोटत बसायचं, मिश्रण भज्याच्या पिठासारखं दाट होईपर्यंत. लाकडी डावाने तासभर तरी जातो. त्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला आणि डॉक्टरांनी घोटणं बंद करायला सांगितलं. म्हणून पातेल्यात उभा धरून फिरवायचा तो दांड्याचा ब्लेंडर घ्यायचं ठरलं. मी तयारच होतो. आणि ओटा पुसता पुसता ती म्हणाली, "दाजींना विचारते."

"मी आहे ना."

"तुम्ही आहात हो. पण मशीनचं त्यांना कळतं."

फोन तिने स्पीकरवर लावला. पलीकडून आवाज आला, "काय छोटी, बठ्ठं ठीक शे ना?"

अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला छोटी. आणि ती बाई खुदकन हसली. माझ्याशी बोलताना ती हसत नाही असं नाही. पण त्या फोनवर तिचा आवाज जितका वर चढतो, तितका आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या घरात एरवी चढलेला मी ऐकलेला नाही.

"दाजी, साबणाला कुठला ब्लेंडर घेऊ?"

"दांडा स्टीलचा पाहिजे. कॉस्टिक शे ते, भलतंसलतं चालणार नाही. मी रविवारी बाजारात बघून सांगतो. घाई करू नको. आणि साडूभाऊंना सांग, तीन-तीन दुकानं हिंडून चपला झिजवू नका."

ती पुन्हा हसली. मी समोरच बसलो होतो.

दांडा स्टीलचा पाहिजे हे मलाही कळत होतं. त्यासाठी रविवारची वाट बघायची गरज नव्हती. शनिवारी दुपारी फ्रिजच्या दारावरचा चुंबक काढून खिशात टाकला आणि बाजारात गेलो. भांड्यांची ही परीक्षा माझ्या आईची. चुंबक चिकटला की स्टील हलकं, घसरला की चांगलं. तिने अशी पारखून घेतलेली पातेली आमच्याकडे अजून चकचकीत आहेत. तो चुंबक साडूंनीच कुठल्याशा सहलीहून आणलेला होता, काजूच्या आकाराचा. पण दुसरा घरात नव्हता.

तिसऱ्या दुकानात दोन ब्लेंडर समोर आले. एक अठराशे नव्वदचा, दोन वर्षांची वॉरंटी. त्याच्या दांड्याला काजू टप्पकन चिकटला. दुसरा अकराशे पन्नासचा, त्यावरचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, पण दांडा आरशासारखा. काजू त्याच्यावरून घसरून काउंटरवर पडला.

"भाऊ, मिक्सर घेताय का भंगार?" दुकानदार म्हणाला.

"स्टील बघतोय."

"बघा, बघा. झालं की मलाही लावून बघा."

सातशे चाळीस रुपये वाचले आणि स्टीलही चांगलं मिळालं. परत येताना मेहरूण तलावाच्या कडेने मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, इतका मी खूश होतो.

खोकं बघून बायको म्हणाली, "दाजी उद्या सांगणार होते ना?"

"काय सांगणार? दांडा स्टीलचा. हा घे, स्टीलचा." मी काजू लावून दाखवला. तो घसरला.

"नीट बघितलाय ना तुम्ही?"

"बघितलाय."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं, आणि तिच्या समाधानावर माझं.

तिने हातमोजे चढवले, चष्मा लावला, किलोभर तेलाचं मिश्रण केलं आणि ब्लेंडर त्यात सोडला. मिनिटभरात पातेल्यातून सूं सूं आवाज यायला लागला. बारीक फेस वर आला, पांढरं मिश्रण राखाडी झालं. तिने बटण बंद करून दांडा वर काढला, तर त्याची चमक जाऊन तो काळा पडलेला. "मागे व्हा," ती म्हणाली, आणि खिडक्या उघडल्या. ती चिडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. दोन शब्द सुनावले असते तर ते नवराबायकोतलं झालं असतं. तिने मोजे काढले आणि धुळ्याला फोन लावला.

"ॲल्युमिनियम शे ते, छोटी. कॉस्टिक खाऊन टाकतं त्याला. पातेलं बाहेर ठेव, हात लावू नको."

"यांनी चुंबक लावून बघितला होता हो."

 पलीकडून असा हसू फुटल्याचा आवाज आला की शेजारच्या घरात गेला असेल. "अरे, ॲल्युमिनियमला चुंबक कधी चिकटला? साडूभाऊंना म्हणावं, सोन्यालाही चिकटत नाही. त्या भावात मिळालं तर जळगावातून दोन किलो घेऊन ठेवा!"

हे ज्ञान त्यांनी खोक्यावर वाचलेलं असणार.

पुढच्या रविवारी साडू आणि अक्का, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, धुळ्याहून आले. साडूंच्या काखेत खोकं होतं. मी उघडलं. तोच ब्लेंडर, तोच अठराशे नव्वदचा. मी काजू आणला, लावला. टप्पकन चिकटला.

"हलकं स्टील आहे," मी म्हणालो.

"स्टीलच्याही जाती असतात साडूभाऊ. काहींना चिकटतो. कॉस्टिकला त्याचं काय?"

चार-पाच मिनिटांत मिश्रण दाट झालं. बायकोचा खांदा हललासुद्धा नाही. तिने साच्यात साबण ओतला आणि वर बघितलं ते दाजींकडे. मी तो ब्लेंडर आठ दिवसांपूर्वी याच हातात धरला होता आणि याच हाताने परत ठेवला होता. हे तिला सांगणार कसं?

जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी. भरीत कमी तिखट होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "दाजींना सोसत नाही." पाच वर्षं मला पित्ताची गोळी चालू आहे.

जेवताना ती म्हणाली, "साबणाच्या वड्या वाळवायला रॅक लागेल एखादं. तुम्ही बघा." माझ्याकडे बघून म्हणाली. मी घास गिळून मापं विचारणार, तेवढ्यात साडू म्हणाले, "लोखंडी घेऊ नको छोटी, गंज धरेल."

"हो दाजी. लाकडीच घेऊ."

निघायच्या वेळी मी पैसे पाठवायला फोन काढला. "किती झाले?"

"सोडा हो. माझ्या मेव्हणीला मी एवढंही देऊ नये?"

"बिल दाखवा."

बिल सोळाशे पन्नासचं होतं. माझ्या दुकानापेक्षा दोनशे चाळीसने कमी. "ओळखीचा शे," ते म्हणाले. मी आग्रह केला, त्यांनी हात जोडले. मी पुन्हा केला, ते चपला घालायला लागले. अक्का म्हणाल्या, "राहू द्या ना." मी दारात आडवा उभा राहिलो.

आतून बायकोचा आवाज आला, "घ्या हो दाजी. नाहीतर हे आठवडाभर नीट जेवणार नाहीत."

साडूंनी लगेच फोन पुढे केला. मी इतका वेळ जे मागत होतो ते तिच्या एका वाक्यावर झालं, आणि ते वाक्यही त्यांनाच उद्देशून होतं.

बाजारातल्या दुकानदाराने वापरलेली वस्तू परत घेतली नाही, म्हणजे ते अकराशे पन्नास गेले. अखेर ब्लेंडरचे सोळाशे पन्नास रुपये दिले, साडूंना, बायकोच्या सांगण्यावरून.