बाबांचा कान आणि माझा आलेख

बाबांचा मानपाड्याला सायलेन्सर बनवायचा छोटा कारखाना आहे, आणि मी ठाण्यात एका कंपनीत तेच सायलेन्सर आधी कॉम्प्युटरवर बनवते. म्हणजे आतल्या नळ्या, भोकं, कप्पे सगळं आकड्यांत मांडायचं आणि कुठला आवाज किती दबेल ते पत्रा कापायच्या आधीच सांगायचं. बाबांना हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटायचा. "इंजिन लाव, शेजारी उभी राहा, कळतं की!" त्यांच्या कानाच्या भरवशावर गिऱ्हाइकं बिनदिक्कत माल उचलत, आणि तोरा मात्र मी मिरवायचे.

मध्ये त्यांनी एका नव्या गिऱ्हाइकासाठी नमुना केलेला. सोमवारी तो द्यायचा होता. मी हौसेने त्याचं गणित मांडलं, तर आलेख भलतंच सांगायला लागला: जाड आवाज दबतोय, पण एक बारीक, तिखट आवाज सरळ बाहेर. बाबांना विचारलं.

"छे गं, तसलं काही नाही. मस्त मऊ चाललाय."

झालं! बाबांचा कान चुकेल? मी माझंच गणित चुकीचं ठरवलं आणि आठवडाभर आकडे पिळत बसले, आलेख बाबांच्या बाजूने बोलेपर्यंत. एवढी शिकलेली मी, पण गाढवच!

रविवारी दुपारी आई आणि मी डबा घेऊन कारखान्यात गेलो. बाबा चालू इंजिनाशेजारी खुशीत उभे होते. आई दारातच थबकली.

"अहो, हे काय चिरकतंय? कान किटले माझे!"

मलाही स्वच्छ ऐकू येत होतं.

"कुठे काय?" बाबा म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

आमचे चेहरे पाहून त्यांनी इंजिन बंद केलं. शेवटी मी खरं ते सांगून टाकलं: कॉम्प्युटरने आधीच सांगितलेलं, मीच ते खोडलं.

"माझ्यासाठी?" बाबा भडकले. "अगं, उद्या हा नमुना तसाच गेला असता तर? येडी कुठली! काढ ते आधीचं गणित."

आधीच्या गणिताप्रमाणे आतली नळी दोन बोटं मागे घ्यायला हवी होती. डबा तसाच राहिला. बाबांनी पत्रा कापला, नळी सरकवली, पुन्हा वेल्डिंग मारलं आणि इंजिन चालू केलं. इतकी वर्षं अशा वेळी ते मान खाली घालून, डोळे मिटून ऐकायचे. या वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, मी मान हलवेपर्यंत.