एकाच चुलीचा विस्तव

छप्पर पेटलं आणि थोरली आत धावली, ती विस्तव वाचवायला. पिठाचे डबे नव्हेत, तांब्याची घागर नव्हे, विस्तव. वर उसाच्या पाचटाचं छप्पर तडतडत होतं, ठिणग्या खाली पडत होत्या, आणि ही बाई त्या आगीत आपलं निखाऱ्यांचं मडकं शोधत होती. मी बाहेरून ओरडले, "बाई, भाईर या! समदा इस्तूच झालाय हितं!"

आतून आवाज आला, "ह्यो आपला न्हाय!"

थोरली म्हणजे माझी थोरली जाऊ. तिघा भावांच्या आम्ही तिघी बायका, आणि आमच्या तीन खाणावळी. पहिली तिने बारामतीत स्टेशनाजवळ काढली. सासू-सासरे लवकर गेले होते, म्हणून माझ्या नवऱ्याला आणि मधल्या दिराला तिनेच वाढवलं. पुढे मधली इंदापूरला एस.टी. स्टँडाशी बसली, आणि मला लासुर्ण्याच्या रस्त्याला बसवलं, कारखान्याकडे उसाच्या गाड्या जायच्या तिथे. तिन्ही ठिकाणांना लोक 'थोरलीची खाणावळ'च म्हणत. पहाटे उठून डोळे जाळायचे मी, आणि गाडीवाला ढेकर देऊन म्हणायचा, "थोरलीच्यात जेवलो." मला संताप यायचा.

तिन्हीकडे जेवण एकच. मक्याची भाकरी, घेवड्याची उसळ, लाल मिरचीचा ठेचा. ज्वारी महाग झाली त्या साली थोरलीने मका आणला. गाडीवाले म्हणाले, "थोरल्या बाई, आमी बैलं हाकतो, आमी बैलं न्हाय." ती म्हणाली, "खाऊन बघा. न्हाय आवडलं तर बैलाला घाला, त्येला तरी चव कळंल." मक्याचं पीठ मुलखाचं हट्टी. आधणाच्या पाण्यात भिजवावं लागतं, नाहीतर भाकरी थापताना भेगाळते. तव्यावरून उतरल्या उतरल्या ती दुमडायची, आत उसळ भरायची, वर ठेचा, आणि गाडीवाल्याच्या हातात द्यायची. एका हातात कासरा, एका हातात भाकरी. परवा नातवाने पुण्याहून काहीतरी मेक्सिकन म्हणून आणलं. मक्याची भाकरी, दुमडलेली, आत घेवड्याचाच कुणी भाऊबंद, वर मिरची. तो म्हणाला, "आज्जी, ह्याची पुण्यात चार दुकानं आहेत." मी खाल्लं. मीठ कमी होतं. थोरलीने त्या माणसाला दुकानातून उठवलं असतं.

मला तर ती येईल तेव्हा उठवायला बघायची. न सांगता यायची, सरळ पातेल्यात पळी घालायची आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणायची, "धाकटे, ही उसळ हाय का पवायची हीर?" सगळी पंगत हसायची. मी जळफळून तोंड फिरवायची. आणि पाठमोरी झाले की ती माझ्या पातेल्यात गुपचूप मूठभर घेवडा वाढवून जायची, बारामतीहून पदरात बांधून आणलेला.

पण तिचा खरा जाच होता विस्तवाचा. तिचं म्हणणं, चूल एक तर घर एक. तीन गावांत तीन चुली पेटतात म्हणजे लोक म्हणणार, भाऊ वेगळे झाले. त्यावर तिने उपाय काढला. अमावास्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून खाणावळी बंद असायच्या. त्या दिवशी आम्ही चुली विझवून सारवायच्या. दुसऱ्या दिवशी थोरली बारामतीच्या चुलीतले निखारे मडक्यात राखेखाली झाकून घेऊन यायची, आणि त्यावरच आमच्या चुली पेटायच्या. काडेपेटी बिडी ओढायला चालेल, चुलीला नाही. शिवाय वाटेत ते मडकं जमिनीला टेकवायचं नाही, हाही नेम.

एकदा ते मडकं फडक्यात बांधून ती एस.टी.त चढली. कंडक्टरने विचारलं, "मावशी, गाठोड्यात काय हाय?"

"पीठ हाय."

"पीठ धुमसतंय व्हय?"

"तुज्या बापाला इचार, ऊन ऊन दळलंय."

त्याने तिला अर्ध्या वाटेत, सणसर गाव यायच्या आधीच उतरवलं. तेव्हापासून ती उसाच्या गाडीने यायची, मडकं मांडीवर घेऊन. उन्हाळ्यात, मांडीवर निखारे. आणि तिकडे माझ्या दारात भुकेले गाडीवाले ताटकळायचे, चूल गार. ते म्हणायचे, "वैनी, एक काडी वढा की." मी म्हणायची, "तुमीच जाऊन सांगा त्यांस्नी." कोणी सांगत नसे.

मधली हुशार. माझ्याकडून निखारे पुढे इंदापूरला न्यायचं काम मधल्या दिराचं. तो सायकलीला मडकं अडकवून निघायचा, नजरेआड झाला की पहिल्या ओढ्यात ते ओतायचा, आणि तिकडे मधलीने सकाळीच काडी ओढून चूल पेटवलेली असायची. मला म्हणायची, "तू बी वढ की काडी. तिला काय वास येतोय?" तिला बोलायला काय जात होतं? थोरली माझ्या ओट्यावर ठाण मांडून बसायची, चूल पेटेपर्यंत.

तरी एक सांगितलं पाहिजे. माझं पहिलं बाळंतपण जड गेलं, तेव्हा ही बाई लासुर्ण्याला येऊन राहिली. खाणावळ चालवली, मला बाजेवरून उतरू दिलं नाही, पोराला तेल लावलं. मी रडले तर म्हणाली, "रडतीस कशाला? रडून दूध येत न्हाय, खाऊन येतं. गीळ." तिला स्वतःला मूल नव्हतं. ती ते बोलून दाखवत नसे, आणि आम्हीही नाही.

आग लागली त्या दिवशी पाडवा होता. फाल्गुनातली अमावास्या आदल्या दिवशी झालेली. थोरली मडकं घेऊन आली तेव्हा माझ्या चुलीचं आदल्या दिवशी राहिलेलं सारवण नुकतंच झालेलं, ओलं होतं. मी म्हणाले, "बाई, मडकं भाईर ठिवा, वारं लई सुटलंय."

"भुईला टेकवू व्हय? सणाचं?"

"मग धरून बसा."

"हात मोडलं माझं, बारामतीपसनं धरलंय."

तिने ते छपराखालच्या शिंक्यात ठेवलं. दुधाचं भांडं ठेवावं तसं. मग आम्ही दोघी घेवडा निवडत बसलो. वारा आडवा घुसला, राख उडाली, ठिणगी वर गेली, आणि पाचटाला काय लागतं? मी पोराला उचलून बाहेर पळाले. तीही आली. आणि पुन्हा आत गेली.

ती मडकं घेऊनच बाहेर आली. उजवा हात कोपरापर्यंत सोललेला, डोक्यावरचा पदर जळालेला, आणि मडक्यात दोन निखारे जिवंत. माझी खाणावळ राख झाली होती, आणि ती म्हणते, "घाबरू नगं. आपला इस्तू हाय."

मला तिला हाणावंसं वाटलं.

दुपारी मधली आली. थोरली लिंबाखाली बाजेवर पडली होती, मडकं उशाशी, विटांवर ठेवलेलं. हाताला कुणीतरी कोरफड लावली होती. दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकत नव्हती. मधलीला बघून म्हणाली, "बरं झालं आलीस. हे आधी इंदापूरला ने. सणाचं तुझी चूल गार आसंल."

मधलीने एकदा जळक्या खाणावळीकडे बघितलं, एकदा तिच्या हाताकडे, आणि तिचा बांध फुटला. "माझी चूल काडीवर पेटतीया, बाई! मागल्या पाडव्यापसनं! तुमचा इस्तू वड्यात जातोया. मोडलं का घर? मोडलं का? हिचं मातुर जळालं, तुमचं ऐकलं म्हणून!"

थोरलीने माझ्याकडे बघितलं. मला हे ठाऊक होतं, हे तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार. म्हणाली, "म्हंजी आपुन कवाच येगळं झालो. मलाच कुणी सांगितलं न्हाय."

मग डाव्या हाताने तांब्या उचलून तिने मडक्यात पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ आली. मधली रडायला लागली. थोरली तिला म्हणाली, "रडतीस कशाला? जा, तुजी गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

दवाखान्यात ती उशिरा गेली. तोवर हात चिघळून खांद्यापर्यंत सुजला होता. मी सोबत राहिले. तापात ती कुणाकुणाला जेवायला वाढत होती. वैशाखात गेली. तिच्यामागे बारामतीची खाणावळ मोडली. भावांनी वाटण्या केल्या, आणि माझ्या वाट्याला जळकी जागा आली. तिथे मी पत्रा घातला, काडेपेटी आणली आणि मक्याच्या भाकऱ्या थापायला बसले. लोक तरीही 'थोरलीची खाणावळ'च म्हणत राहिले. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

तिच्यावरचा माझा राग गेलेला नाही. एक काडी ओढली असती, तर बाई राहिली असती.

त्या छपराखाली आम्ही तिघं होतो. मी वाचले, माझं पोर वाचलं. थोरली वाचली नाही.