उधाणाच्या दिवशीची मोजणी

मी सरकारी भूमापक होतो. पेणजवळच्या खाडीकाठी, बायकोच्या माहेरच्या गावी मोजणीला गेलो तो दिवस उधाणाचा होता. गावाचा मसणवटा पाण्याखाली होता. सासरे म्हणाले, "जावईबापू, ओहोटी लागू द्या." मी थांबलो नाही. नकाशावर तिथे खाडी दाखवली. पुढे एका कंपनीने तिथे भराव टाकून भिंत घातली. गाव भांडलं, पण माझा नकाशा कंपनीच्या बाजूने होता.

परवा रोह्याच्या घरी नातीने माझ्याही आधीचा नकाशा उपग्रहाच्या छायाचित्रावर बसवला. देऊळ, तळं, बांध सगळं जुळलं. मसणवटा त्या भिंतीच्या आत निघाला.

"आजोबा, तुमच्या नकाशात इथे खाडी कशी? गावाला कोर्टात हे लागेल. लिहून द्याल?"

"देतो. उधाण होतं म्हणून चूक झाली, असं लिहितो."

बायको आतून आली. "माज्या बापाला जाळायला परक्या गावात हात जोडायला लागले. उधाणाला कशाला बोल लावता? दुपारची एस्टी गाठायची व्हती, असं लिवा."

मी तसंच लिहिलं. तिने ते दोनदा वाचून घेतलं.